खांबावरच्या आठ रेघा

वाशी
११ मार्च २०२५

दादा,

काल जेलच्या दारात अडीच तास बसून मी परत आले. शिपाई दोनदा आत जाऊन आला आणि दोन्ही वेळा तोच निरोप घेऊन आला, भागवत मिस्त्री कुणाला भेटणार नाही म्हणतात. रुसायचंच होतं तर घरी बसून रुसायचंस, निदान आईनं ताट तरी वाढलं असतं. पण तुझं सगळंच आडमुठं.

भेटत नाहीस म्हणून हे पत्र. हातानं लिहायची सवय मोडलीय, अक्षराला हसू नको. पत्र आधी तिथले साहेब उघडून वाचतात आणि मग आत देतात, असं शिपायानं सांगितलं. वाचू देत. आपल्यात लपवण्यासारखं काय आहे?

अमरनाथ वकिलांचं वकीलपत्र तू सही न करता परत पाठवलंस. ते चिडले नाहीत. मला ऑफिसात बसवून त्यांनी तुझा जबाब वाचून दाखवला. 'गॅलरीच्या खांबावरच्या रेघा म्याच पुसल्या. शंभू माझ्या हातानं मेला. मला सोडू नगा.' असं कुणी लिहून देतं का? पोलिसांपुढचं बोलणं कोर्टात धरत नाहीत, पण हा गडी कोर्टातही हेच बोलणार, असं ते म्हणाले. मी काय सांगणार त्यांना? तू बोलशीलच.

त्यांना रेघांचं काही कळेना, म्हणून मी समजावून दिलं. स्लॅब टाकला की माझा भाऊ जवळच्या भिंतीवर नाहीतर खांबावर विटेच्या तुकड्यानं रोज एक रेघ मारतो. पाणी मारलं, दिवस गेला, एक रेघ. एकवीस झाल्या की ओल्या पोत्यानं सगळ्या स्वतः पुसतो. रेघा दिसतायत तोवर खालच्या टेकूंना कुणी हात लावायचा नाही. खांब कोरा झाला म्हणजे टेकू-फळ्यांचं सेंट्रिंग खोलायची परवानगी. इतक्या वर्षांत त्याच्या हाताखालच्या प्रत्येकाला हे पाठ झालंय, तो तोंडानं काही सांगतच नाही.

मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी गॅलरीच्या खांबावर किती रेघा हव्या होत्या? मी म्हटलं, आतला स्लॅब सहा जानेवारीला टाकला होता, त्याच्या एकवीस रेघा सत्तावीस तारखेला भरल्या आणि त्या दादानं सकाळी पुसल्या. गॅलरी मात्र एकोणीसला टाकली होती. तिच्या आठच व्हायला हव्या होत्या. दुपारी दादा तेरला गेला, कारण आमचे वडील, आबा, तिकडं मेंढरांजवळ तापानं फणफणले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या हाताखालच्या शंभूदादानं आतले टेकू काढले, बाहेर येऊन बघितलं तर खांब कोरा. त्यानं गॅलरीचेही काढले आणि कच्ची गॅलरी त्याच्यावरच कोसळली. शंभूदादा आदल्याच दिवशी ढोकीहून परतला होता. मेव्हण्याच्या उसासाठी तीन आठवडे तिकडं होता, गॅलरी उशिरा टाकल्याचं त्याला माहीतच नव्हतं.

हे सगळं मी तारखांसकट सांगितलं. वकील म्हणाले, तुम्ही धीराच्या आहात.

माणूस विसरतो, दादा. तुझ्या हातात ओलं पोतं होतं, मन आबांकडं लागलं होतं. जाता जाता बाहेरच्या खांबावरही हात फिरला असेल. मुद्दाम केलं नाही एवढं कोर्टापुढं म्हण. सही कर. आबांना आता बरं आहे, मेंढरं अजून तेरणेच्या काठालाच आहेत.

तुझी मोना


वाशी
२४ मार्च २०२५

दादा,

उत्तर नाही. बरं. मी लिहीत राहणार, तुला कंटाळा येईपर्यंत.

माझं सर्टिफिकेट आलं. ईमेलवर आलं, वळणदार इंग्रजी अक्षरात नाव, खाली दोन सह्या. 'बांधकाम प्रकल्प व्यवस्थापन आणि डिझाइन.' आईला मोबाइलवर दाखवलं, तिनं पदर ओला करून स्क्रीन पुसली आणि पुन्हा बघितलं. तुला दाखवायचं राहिलं म्हणून रडली. मी रडले नाही.

आठवतं तुला, आईच्या पायाच्या ऑपरेशनात माझं पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष सुटलं तेव्हा मी आठ दिवस कुणाशी बोलले नव्हते? तू काही समजूत घातली नाहीस. कळंबच्या एका इंजिनिअरच्या घराला गिलावा करून दिलास आणि मजुरी म्हणून त्याचा जुना लॅपटॉप उचलून आणलास. बॅटरी मेलेली, वायर लावली तरच चालायचा. पहिला कोर्स आपण दोघांनी बघितला. घराचा आराखडा कसा काढायचा, ऊन कुठून घ्यायचं, जिना कुठं टाकायचा. इंग्रजीतलं मी तुला सांगायची आणि तू त्या स्क्रीनवरल्या माणसाशी भांडायचास. 'ह्या बाबाला म्हनावं, आमच्या काळ्या रानात पाया खांदून दाव. मुरूम लागंपातूर खाली जावं लागतं.' त्याला ऐकू जात नव्हतं म्हणून बरं, नाहीतर बिचाऱ्यानं शिकवणं सोडलं असतं.

एकामागून एक पाच कोर्स केले. मी कागदावर घर काढायचं आणि तू ते रानात उभं करायचंस. लोक हसायचे, धनगराची पोरगी बंगले काढायला लागली म्हणून. मग तेच लोक नकाशा काढून घ्यायला दारात यायला लागले. त्या चार वर्षांइतकी मी कधीच सुखात नव्हते. हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, आज म्हणते.

शेवटच्या कोर्सात परीक्षा नव्हती. एक खरं बांधकाम आखायचं, कुठलं काम कुठल्या दिवशी याचा तक्ता करायचा, छतापर्यंत ते पार पाडायचं आणि तक्ता फोटोंसकट पाठवायचा. बरोबर शिकणारे देशभरातले लोकच एकमेकांना मार्क देतात. मी आण्णासाहेबांचा बंगला घेतला. तक्त्याची मोठी प्रत काढून, प्लॅस्टिक चढवून जिन्याखाली टांगली, तेव्हा तू म्हणालास, आता मिस्त्रीला पण शाळेचं वेळापत्रक आलं. धोक्यांचीही यादी करायची होती. सिमेंट उशिरा येणं, वीज जाणं, मजूर जत्रेला जाणं असे अकरा धोके मी लिहिले. यादी पूर्ण आहे असा शेरा मिळाला.

मार्क अठ्ठावीस जानेवारीला दुपारी आले. तेव्हा आपण सगळे ढिगाऱ्यापाशी होतो. कुणीतरी लिहिलं होतं, 'एक दिवसही उशीर नाही. कौतुकास्पद.' ते मी आठवड्यानं वाचलं.

पुण्याच्या एका डिझाइनच्या ऑफिसनं मला जूनपासून बोलावलंय. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तू सही केलीस तर मला जाता येईल. असं लिहिणं बरं नाही, पण लिहून गेले.

मोना


वाशी
४ एप्रिल २०२५

दादा,

काल दीपालीवहिनीकडं गेले होते. शंभूदादाला जाऊन दोन महिने झाले आणि आपल्या घरातलं कुणी त्या घराची पायरी चढलं नव्हतं. आई म्हणाली जाऊ नको. मी गेले.

वहिनीनं मला आत घेतलं नाही. उंबऱ्यावर उभी राहून एकच विचारलं. 'तुझ्या दादानं त्या रेघा कवा पुसल्या, त्येवढं सांग. आमचे ह्ये सकाळी फोनवर म्हनले, खांब कोरा हाय आन मोनीच्या कागदात बी आजचीच तारीख हाय, दुपारपातूर मोकळा व्हतो. म्हंजी दोन्हीकडं बघूनच हात लावला न्हवं त्यांनी? चुकलं कुठं मंग त्यांचं?'

शंभूदादाचं काही चुकलं नाही, असं मी म्हटलं. तिनं दार लावलं.

तेव्हा आता हे तुला सांगायला हवं. तक्ता चुकीचा होता. सहा तारखेला स्लॅब आणि गॅलरी एकदमच टाकायची असं मी आखलं होतं. त्या दिवशी मिक्सर बंद पडला, गॅलरी राहिली आणि ती एकोणीसला झाली, हे तुला माहीत आहे. पण तक्त्यात मी ती सहालाच झाली असं ठेवलं. त्यामुळं सेंट्रिंग खोलायची तारीखही दोन्हींची एकच राहिली, अठ्ठावीस जानेवारी.

कोर्सला नावं ठेवू नको. तिथं दोन रकाने होते, ठरलेली तारीख आणि झालेली तारीख. कामं पुढंमागं होणारच, खरं ते लिहा, असं शिकवणाऱ्या बाई प्रत्येक धड्यात सांगायच्या. पण उशीर दिसला की मार्क देणारे मार्क कापतात, असं मला वाटलं. म्हणून दुसरा रकाना मी पहिल्यावरून उतरवून काढला. एका ओळीचा फरक, कोण बघतंय, असं वाटलं होतं. आपली माणसं कागदावर कुठं चालतात, ती तर दादाच्या रेघांवर चालतात, असंही मनाला सांगितलं होतं.

शंभूदादा दहावी शिकलेला होता. जिन्याखाली उभा राहून तो रोज तक्ता वाचायचा आणि माझं कौतुक करायचा, हे मला तेव्हा आवडायचं.

म्हणजे चूक तुझ्या एकट्याची नाही, दादा. अर्धी माझी आहे. वकिलांना मी हे आजच सांगितलं. ते म्हणाले, तक्त्याचा उपयोग होईल, पण रेघा पुसल्याचं हा स्वतःच कबूल करतो तोवर थोडाच. मालकानं आणि मजुरांनी सांगितलंय की तिथं काम रेघांवर चालायचं, कागदावर नाही.

एवढंच आहे. यापलीकडं काही नाही. सही कर.

मोना


वाशी
१५ एप्रिल २०२५

साहेब,

हे पत्र आधी तुम्ही वाचाल म्हणून सुरुवात तुमच्यापासून करते. यात जे लिहिलंय ते सगळं मी आज सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलंय आणि सही करून आले आहे. तेव्हा दाबून ठेवण्यासारखं यात काही उरलेलं नाही. वाचून झालं की माझ्या भावाला द्या. तो सावकाश वाचतो, त्याला वेळ द्या.

दादा,

रेघा मी पुसल्या.

सत्तावीस जानेवारीला तू तेरच्या गाडीत बसलास आणि मी फोटो काढायला बंगल्यावर गेले. पाच वाजायच्या आत सगळं पाठवायचं होतं. समोरून पहिला फोटो काढला तर बरोबर मधोमध तो खांब आणि त्यावर तुझ्या लाल रेघा. डिझाइनच्या कोर्सात शिकवलं होतं की फोटोत नजर जिथं विनाकारण अडकते ते आधी काढून टाका. माझी नजर त्या रेघांवर अडकत होती. इतका सुंदर दर्शनी भाग आणि मधेच हे गावठी, असं मला वाटलं. हाच शब्द माझ्या मनात आला, दादा. तुझ्या कामाला मी गावठी म्हणाले.

पोतं पिंपावरच होतं, तू सकाळी ठेवलेलं. पुसायच्या आधी मी रेघा मोजल्या. आठ होत्या. विटेचा तुकडा ओढणीच्या टोकाला बांधून घेतला, फोटो झाला की आठ मारायच्या म्हणून. कोऱ्या खांबाचा अर्थ मला ठाऊक नव्हता असं कुणी म्हणू नये. तुझ्याबरोबर चार वर्षं काम केलंय, वकिलांना तो अर्थ मीच समजावून दिलाय.

फोटो झाला. तिथं रेंज नव्हती, म्हणून तशीच मोठ्या रस्त्याला आले. फोटो जाता जाता अर्धा तास गेला. शेवटी हिरवी खूण आली, सगळं पोचलं म्हणून, आणि मला इतका आनंद झाला की मी तिथूनच घरी गेले. येताना आईला भेळ घेतली. खांब माझ्या डोक्यातून पार गेला होता.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. तशीच पळाले, कालचीच ओढणी अंगावर. लोक शंभूदादाला बाहेर काढत होते आणि मी ओढणीनं तोंड पुसायला गेले तर गालाला वीट घासली. ती मी गाठ सोडून ढिगाऱ्यात टाकून दिली. तिथल्या हजार तुकड्यांत अजून एक.

तू संध्याकाळी आलास. खांब तेवढा उभा होता. तू त्याच्यापुढं उभा राहिलास, त्यावरून हात फिरवलास आणि म्हणालास, 'म्याच पुसलं की गं. आतलं पुसता पुसता म्याच पुसलं.' मी तुझ्या शेजारी होते. तेव्हा एक शब्द बोलायचा होता. मी तुला पाणी आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी मोबाइलमधला पहिला फोटो, रेघांचा, काढून टाकला.

तक्त्याबद्दल मी लिहिलं आणि यापलीकडं काही नाही म्हटलं, ते खोटं होतं. पण त्याहून वाईट पहिल्या पत्रातलं, माणूस विसरतो म्हणून लिहिलेलं. तू जे केलंच नाहीस ते तुझ्याच गळ्यात घालून वर तुलाच समजावत होते. लिहिताना मला हलकं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

आठवड्यापूर्वी मी आईला सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. हात थांबला नाही तिचा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'एक आत हाय. दुसरीला बी आत घालून म्या कुनाच्या तोंडाकडं बघू? त्यो गडीमानूस हाय, चार वर्सं काढून यील. तुझं काय? ह्ये कुनाला बोलायचं न्हाय.' शपथ घालायला निघाली होती, मी उठून बाहेर गेले. मग सात दिवस मी गप्प बसले. आईचं ऐकलं असं म्हणता येईल, पण मला तेच हवं होतं.

तू पुसलं नाहीस. तुझ्या रेघा बरोबर होत्या, एकही चुकलेली नव्हती. तुझ्या हातानं कुणी मेलं नाही. सुटशील की नाही हे कोर्ट ठरवेल, पण एवढं तुला आजच कळायला हवं.

मोनिका


वाशी
६ मे २०२५

दादा,

शुक्रवारी तू जाळीपलीकडं येऊन उभा राहिलास. तीन महिन्यांनी तुझं तोंड बघितलं. दाढी वाढलीय, पण डोळे शांत होते. मला वाटलं पत्र पोचलं, पटलं, आता शिव्या देशील. शिव्या खायची तयारी करून आले होते.

तू हसलास. 'खोटं कामून बोलायलीस, मोने? आईनं सांगितलं मला समदं.'

आई माझ्या आधी दोन दिवस तुझ्याकडं येऊन गेली, हे मला तिथं उभी असताना कळलं. तुला तर ती भेटलीच, त्याआधी पोलीस ठाण्यातही जाऊन आली होती. पोरगी भावासाठी जीव टाकते, त्याला सोडवायला नाही नाही ते बोलतेय, तिचं मनावर घेऊ नका, असं दोन्हीकडं सांगितलं तिनं. ठाण्यातल्या साहेबांनी माझं सगळं लिहून घेतलं होतं, मोबाइलही बघितला. पहिला फोटो नाही. कोर्सला पाठवलेला दुसरा आहे आणि त्यात खांब कोरा आहे. वकील म्हणाले, ताई, या फोटोनं तुमचं म्हणणं सिद्ध होत नाही, उलट त्याचं होतं. दुपारी तीनला खांब कोरा होता, म्हणजे सकाळीच पुसला होता असं सरकारी वकील म्हणेल. त्यांनाही वाटतं मी तुला वाचवतेय. तसं ते म्हणाले नाहीत, पण फार मायेनं बोलले.

मी तुला जाळीतून सगळं पुन्हा सांगितलं. पोतं, पिंप, ओढणीतला तुकडा. तू ऐकून घेतलंस, जसं लहानपणी माझ्या शाळेतल्या गोष्टी ऐकायचास. मग म्हणालास, 'वकिलाच्या कागदावर सही करतो. तुझ्यासाठी करतो. पर कोर्टात खरं त्येच बोलनार. आन सुटलो तरी थापी धरनार न्हाय आता. ह्या हाताचा भरवसा ऱ्हायला न्हाय मला.' आणि हात वर करून मला दाखवलेस, काही विकायला आणल्यासारखे.

दादा, ते हात चांगले आहेत. मला हे शंभर वेळा लिहावं लागलं तरी लिहीन. आई खोटं बोलली. ती खोटं बोलली कारण तिला वाटतं तू आत दिवस काढशील आणि मी नाही काढू शकणार. घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडले. ती मला म्हणाली, 'तुला वाचवलं म्या. त्येला कळंल कवातरी.' मग तिनं मला वाढलं आणि मी जेवले. तिच्याशी बोलत नाही, पण तिच्या हातचं जेवते.

आबा मेंढरांकडून आले होते. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. गावभर तेच चाललंय. आण्णासाहेबांनी रस्त्यात थांबवून सांगितलं, बहीण असावी तर तुझ्यासारखी. मी म्हटलं, तुमच्या खांबावरच्या रेघा मी पुसल्यात. ते म्हणाले, असू दे, असू दे. नळावर बाया बाजूला होऊन मला आधी पाणी भरू देतात. आधी अडीच महिने मी खरं लपवत होते तेव्हा माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. आता खरं सांगते आणि लोक माझी पूजा करायचे तेवढे बाकी आहेत.

पुण्याला नकार कळवला. त्या ऑफिसलाही सगळं लिहिलं, फोटोचं, तक्त्याचं. त्यांचं उत्तर आलं नाही. तेवढेच लोक निघाले ज्यांना माझं खरं वाटलं असेल.

एक माणूस राहिलं होतं. काल दीपालीवहिनीकडं गेले. म्हटलं, तिनं तरी मला धरून मारावं. या वेळी तिनं दार उघडं ठेवलं. मी उंबऱ्यावरूनच सांगितलं, तुमच्या नवऱ्याला मी मारलं, दादानं नाही. रेघा मी पुसल्या, फोटोसाठी.

तिनं माझा हात धरून मला आत नेलं. शंभूदादाच्या फोटोपुढं सतरंजी टाकून बसवलं आणि चहा ठेवला. म्हणाली, 'कळलंय मला, बाई. समदं गाव बोलायलंय. तुझ्या दादावर लई राग व्हता माझा. पर ज्येच्यासाठी भईन असं वंगाळ सोताच्या अंगावर घ्यायला तयार व्हती, त्यो मानूस वाईट नसंल. म्या राग सोडला त्येच्यावरचा.' आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, मी रडत होते म्हणून.

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं होतं. तिनं कप पुढं केला. दूध थोडंच होतं घरात, माझ्या कपात सगळं घातलं होतं आणि स्वतः कोरा घेतला होता. मी तिथं बसून तो चहा प्याले, दादा. सगळा प्याले.

मोना